कुठे अडतं? मुक्त सॉफ्टवेअर सूचीच्या प्रकल्प नोंदी, सोलापूर

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा संगणक परवा दुरुस्तीला आला. डिझाइनचं महागडं सॉफ्टवेअर कुणीतरी क्रॅक करून टाकून दिलेलं. त्याच्यासोबत आलेल्या व्हायरसने सगळ्या फायली कुलूपबंद केल्या होत्या. अकरा वर्षांची डिझाइनं, बॅकअप नाही. मालक ओरडले नाहीत, नुसते स्टुलावर बसून राहिले. मी म्हटलं, काका, यातली बरीच कामं मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे कुणालाही वापरायला, बदलायला, वाटायला मोकळं असतं त्यावर झाली असती, पैसे न देता आणि चोरीही न करता. ते म्हणाले, "मग हे आधी सांगायचं कुणी?"

रात्रभर तेच डोक्यात. दुकानाच्या खणात माझी दोनशेपानी वही आहे. गिऱ्हाइकांनी "अमुक कामाला फुकट काही आहे का" असं विचारलं की सापडेल ते नाव मी तिच्यात लिहीत आलो. आज ती काढून एकेक नाव तपासलं. ६३ नावं. त्यातली १९ मेलेली: संकेतस्थळ बंद, नाहीतर शेवटची आवृत्ती आठ-दहा वर्षांपूर्वीची. एका पत्त्यावर तर आता जुगाराची जाहिरात येते. म्हणजे काकांना ही वही दिली असती तरी तीनातलं एक नाव वाया गेलं असतं.

ठरवलं. मुक्त सॉफ्टवेअरची सूची करायची. मराठीत, सगळ्यांनी मिळून, आणि मरणार नाही अशी.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

पहिली बैठक दुकानातच, शटर अर्धं खाली ओढून. चौघं आलो. वाचनालयात बावीस वर्षं काम केलेल्या ग्रंथपाल ताई, चादरीच्या कारखान्यात जकार्डची (नक्षी विणणाऱ्या मागाची) डिझाइनं काढणारे अण्णा, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी (माझ्याकडे सुट्टीत काम शिकायला यायची) आणि मी. अण्णा घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी, सूत घ्यायला गेले की कन्नड. सोलापुरात यात कुणाला नवल वाटत नाही. सूचीत मात्र त्याची सोय करावी लागणार, हे आजच लिहून ठेवतो.

आधी कुणी काय केलं ते सांगितलं. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची डिरेक्टरी १९९९पासून आहे, अजून चालू आहे, इंग्रजीत. फ्रेशमीट हे संकेतस्थळ १९९७मध्ये सुरू झालं. एकेकाळी नव्या आवृत्त्या कळायची तीच जागा होती. पुढे त्याचं नाव फ्रीकोड झालं आणि २०१४च्या जूनमध्ये नव्या नोंदी घेणं थांबलं. फोनच्या ॲपसाठी एफ-ड्रॉइड २०१०पासून आहे. विकिडेटा, म्हणजे विकिपीडियाचं खुलं माहिती-भांडार, २०१२पासून आहे आणि त्याची माहिती सीसी-शून्य परवान्याखाली असल्याने कुणालाही उचलता येते. तेव्हा अधिकृत पत्ता, परवाना, पहिलं वर्ष या गोष्टी आपण तिथून घ्याव्यात. त्यासाठी पुन्हा हमाली करण्यात अर्थ नाही.

मग आपण करायचं काय? यावर तासभर बोललो. निकाल ताईंच्या एका प्रश्नाने लागला: "तुमची वर्षाची पडताळणी कधी?" आम्हाला कळेना. मग त्यांनी सांगितलं. वाचनालयात दाखल नोंदवही असते. पुस्तक आलं की क्रमांक पडतो. पण नोंदवहीत पुस्तक आहे म्हणजे ते कपाटात आहे असं नाही. म्हणून वर्षातून एकदा प्रत्येक पुस्तक हातात घ्यायचं, क्रमांक जुळवायचा, वाळवी लागलेलं बाजूला काढायचं. ते काम कंटाळवाणं असतं आणि त्याचं कौतुक कुणी करत नाही. पण ते थांबलं की दोन-तीन वर्षांत नोंदवही आणि कपाट यांचा एकमेकांशी संबंध उरत नाही.

माझ्या वहीचंही नेमकं हेच झालं होतं. नोंद करणारा होतो, पडताळणारा कुणी नव्हता.

१ डिसेंबर २०२४, रविवार

रचना ठरली. प्रत्येक सॉफ्टवेअरला एक साधी मजकूर फाइल, यामल पद्धतीची (एकेका ओळीत रकान्याचं नाव आणि त्याची माहिती). सगळ्या फायली गिटच्या (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या) भांडारात, त्यावरून ह्यूगो हा प्रोग्राम संकेतस्थळाची पानं तयार करणार. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, महिन्याचं भाडं नाही. उद्या मी नसलो तरी कुणीही भांडाराची नक्कल घेऊन पुढे चालवू शकेल, ही त्यातली मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

रकाने पुष्कळ सुचले, पण बहुतेक छाटले. राहिलेल्यांतले तीन आमचे स्वतःचे:

कोणी पाहिलं, कधी पाहिलं. म्हणजे आपल्यापैकी कुणी ते स्वतः चालवून पाहिलं, कोणत्या तारखेला, कोणती आवृत्ती, कसल्या संगणकावर. वर्ष उलटलं की नोंद आपोआप पिवळी होणार, दीड वर्षाने पानावरून उतरणार.

मेनू कोणत्या भाषेत. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू. "आहे" किंवा "नाही" एवढ्याने भागत नाही. "अर्धा" हाही पर्याय हवा, कारण अनुवाद बहुतेक वेळा अर्धाच असतो.

कुठे अडतं. हा रकाना अण्णांचा. ते म्हणाले, "चांगलं काय हाय ते सगळेच सांगतात. आमाला कामाच्या मध्यात कुठं अडतंय ते आधी कळू दे की." हा रकाना रिकामा असेल तर नोंद स्वीकारायची नाही, असा नियम केला.

८ डिसेंबर २०२४

पहिलीच नोंद गिम्प या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरची, आणि पहिलीच चूक. पानावर आवृत्ती २.१ दिसू लागली. फाइलमध्ये तर २.१० लिहिलेलं. यामलने तो दशांश अपूर्णांक समजून शेवटचं शून्य खाल्लं. अवतरण चिन्हांत लिहिलं की तो मजकूर होतो आणि शून्य टिकतं. आता प्रत्येक आवृत्ती अवतरणांत आहे की नाही ते पाहणारी छोटी तपासणी लावली. नसेल तर बदल आत येतच नाही.

लगेच दुसरं. ताईंनी तारीख मराठी अंकांत लिहिली: २०२४-१२-०७. यामलला ती तारीख वाटलीच नाही. ताई म्हणाल्या, मी इंग्रजी आकड्यांत लिहीन. मी नको म्हटलं. मराठी सूचीत मराठी अंक चालत नसतील तर चूक आपल्या प्रोग्रामची आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेला देवनागरी अंक मुळातच समजतात, त्यामुळे चार ओळींत काम झालं.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

आजचा पूर्ण दिवस एका शब्दावर गेला. तो शब्द म्हणजे ॲप.

आमच्यातल्या मुलीने शोधाची खिडकी बसवली होती. मी "ॲप" टाइप केलं, सात नोंदी आल्या. ताईंनी त्यांच्या संगणकावर तेच टाइप केलं, एकही नाही. दोघांच्या पडद्यावर शब्द हुबेहूब सारखा. मुलगी म्हणाली, ब्राउझर बिघडला असेल. मला वाटलं, जुनी प्रत दाखवतोय. शेवटी दोन्ही शब्द एकाखाली एक चिकटवून अक्षरांचे क्रमांक काढले. माझा ॲ हे एकच अक्षर होतं, ते २००८ साली युनिकोडमध्ये (जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात) आलं. ताईंच्या कळफलकाने अ आणि वरची अर्धचंद्राची खूण अशी दोन चिन्हं जोडून अॅ केला होता. डोळ्याला एक, यंत्राला वेगळं. एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायची युनिकोडची जी नेहमीची पद्धत आहे (सामान्यीकरण), तिच्यातही हे दोन एकरूप होत नाहीत.

मग संशय आला म्हणून "दुसऱ्या" पाहिलं. तिथेही तेच. ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून "दुसऱ्या" होतो. साध्या र ला हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह घातलं की "दुसर्‍या" होतो. कागदावर छापला तर कुणाच्या बापाला फरक कळणार नाही.

मराठी सॉफ्टवेअर सूचीत "ॲप" शोधल्यावर काहीच सापडलं नाही, तर माणूस परत येणार नाही. आणि त्याला वाटेल, मराठीत काही नाहीच. या गोष्टीचा मला मनापासून त्रास होतो, कारण असं वाटून घेणारी माणसं मी रोज काउंटरवर पाहतो. आता मजकूर आत येताना आणि शोध घेताना, दोन्ही वेळा या जोड्या एका रूपात आणतो. अशा जोड्यांची वेगळी फाइल केली आहे, तिलाही मुक्त परवाना दिला आहे. दुसऱ्या कुणाला लागली तर उचलावी.

जाता जाता क्रमवारीही सुधारली. यंत्राच्या क्रमाने ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो. आपल्या शाळेत तो ह नंतर, मग क्ष, ज्ञ. युनिकोडच्या भाषावार नियमांत मराठीसाठी हा क्रम दिलेला आहे, फक्त तो मागून घ्यावा लागतो.

१५ जानेवारी २०२५

सिद्धेश्वरांची यात्रा. काम नाही. अक्षता सोहळा झाला, आज दुकान दुपारनंतर. गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, फिरताना मुलीच्या दोन मैत्रिणी भेटल्या, त्यांनी प्रत्येकी पाच नोंदी घेतल्या.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

अण्णांचा दिवस. प्रश्न असा: सोलापुरी चादरीचं डिझाइन गिम्पवर काढता येतं का? त्यांच्या कारखान्यात विकत घेतलेलं सॉफ्टवेअर आहे, ते डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही आणि डोंगल मालकाच्या कपाटात. अण्णांना घरी सराव करता येत नाही, पोराला शिकवता येत नाही.

जकार्डचं तत्त्व अण्णांकडून ऐकावं. पुठ्ठ्याच्या पत्त्यावर भोक असेल तिथे सुई आत जाते, हूक वर उचलला जातो, त्याच्यासोबत उभा धागा. भोक नसेल तिथे धागा खालीच. एक आडवा धागा, एक पत्ता. लियोंच्या जकारने १८०४च्या सुमारास हे यंत्र उभं केलं आणि पुढे संगणकवाल्यांनी भोकाच्या पत्त्यांची कल्पना तिथूनच घेतली. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे तुमचं काम आमच्यातूनच निघालंय की."

तर गिम्प. नवीन चित्र, एक ठिपका म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याची एक गाठभेट. चित्राचा प्रकार इंडेक्स्ड, चारच रंग. ब्रश नाही, पेन्सिल घ्यायची, कारण ब्रश कडेला अर्धवट रंग सोडतो आणि मागावर अर्धवट धागा नसतो. अण्णांनी मोर काढायला घेतला. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकलेलं, माउस दोन बोटांत खडूसारखा धरलेला. पाऊण तासात मोर झाला. सुंदर झाला. अण्णा मागे सरकले, पाहिलं आणि म्हणाले, "कापडावर ह्याचा बगळा होणार."

कारण त्यांच्या मागावर इंचात उभे धागे जास्त, आडवे कमी. पडद्यावरचा ठिपका चौरस, कापडावरचा उभट. मोर ताणला जाणार, बारीक आणि उंच. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये धाग्यांचे आकडे भरले की चित्र कापडाच्या प्रमाणात दिसतं. गिम्पमध्ये ते नाही, असं लिहून मी नोंद बंद करणार होतो. मुलीने थांबवलं. चित्राच्या छपाईच्या मापात आडव्या आणि उभ्या दिशेचं रेझोल्यूशन (इंचाला किती ठिपके) वेगवेगळं देता येतं. दोन आकडे जोडणारी मधली साखळीची खूण तोडायची. एकात इंचाला उभे धागे किती ते भरलं, दुसऱ्यात आडवे किती ते. मग दृश्याच्या मेनूत "डॉट फॉर डॉट" ची खूण काढली. मोर जागच्या जागी लांबट झाला. अगदी कापडावर होणार होता तसा.

अण्णा काही बोलले नाहीत. त्याच प्रमाणात पुन्हा काढायला बसले. साडेदहाला त्यांच्या घरून फोन आला तेव्हा पिसाऱ्याची शेवटची ओळ चालू होती.

नोंदीत "कुठे अडतं" खाली अण्णांनी सांगितलेलं जसंच्या तसं: "चित्र पूर्ण होतं. रिपीट (नक्षीची पुनरावृत्ती) जुळतो का ते ऑफसेटने (चित्र सरकवून) बघता येतं. वीण भरायला पॅटर्न स्वतः करून घ्यावे लागतात. पत्ते पाडायला किंवा मागाच्या यंत्राला फाइल द्यायला दुसरं सॉफ्टवेअर लागतं. घरी शिकायला उत्तम."

मला ही नोंद सूचीतली सर्वांत चांगली वाटते. कुणीही कारखानदार ती वाचून हुरळून जाणार नाही आणि निराशही होणार नाही.

९ मार्च २०२५, रविवार

परवान्यांचा गुंता. आमचा नियम: ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने मान्य केलेला परवाना हवा. नुसता स्रोत, म्हणजे प्रोग्रामचा कोड, दिसतो म्हणून घ्यायचं नाही. मोंगोडीबी या डेटाबेसने २०१८च्या ऑक्टोबरमध्ये परवाना बदलला, टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या साधनाने २०२३च्या ऑगस्टमध्ये. दोन्हींचा कोड आजही वाचता येतो, पण वापरावर अटी आहेत. टेराफॉर्मच्या जुन्या मुक्त कोडवरून ओपनटोफू निघालं, ते आपण घेतलं. आणि मोफत म्हणजे मुक्त नव्हे, हे पहिल्या पानावर ठळक लिहिलं. काउंटरवर रोज समजावून सांगावं लागतं तेच.

पण आज जे मनात राहिलं ते वेगळंच. एका विद्यार्थिनीने स्वतःचा प्रोग्राम पाठवला. तिची आई बिड्या वळते. मजुरी हजारावर. रोज किती दिल्या, छाट (नापास बिड्या) किती निघाली, आठवड्याला पैसे किती व्हायला हवेत, याचा हिशेब आईला फोनवर ठेवता यावा म्हणून तिने तो लिहिला. मराठी आणि तेलुगू दोन्ही. आकडे मोठे, बटणं तीन. कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला, पण परवान्याची फाइलच नाही.

परवाना नसेल तर कोड उघडा दिसला तरी तो मुक्त होत नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत धरला जातो, हक्क आपोआप लिहिणाऱ्याचे. दुसऱ्या कुणी परवानगीशिवाय तो घेऊन बदलून वाटला तर तो हक्कभंग ठरू शकतो. हे तिला सांगितलं तर घाबरून म्हणाली, "दादा, लायसन्स काढायला कुठल्या ऑफिसात जायचं?" कुठेही नाही. एक मजकुराची फाइल ठेवायची, बस. मग तिला दोन रस्ते सांगितले. एमआयटी परवाना: घ्या, काहीही करा, माझं नाव राहू द्या. जीपीएल: घ्या, बदला, पण दुसऱ्याला दिलंत तर तुमचा बदलही असाच उघडा ठेवा. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "उद्या एखाद्या ठेकेदाराने घेऊन त्यात छाटीचा हिशेब बदलला, तर बायकांना कळायला पाहिजे." जीपीएलची तिसरी आवृत्ती घेतली. रात्री नऊला नोंद आत आली.

३० मार्च २०२५, गुढीपाडवा

गिम्प ३.० या महिन्यात आलं. अण्णांची नोंद २.१०ची. तारीख ताजी, आवृत्ती जुनी. म्हणून आणखी एक खूण वाढवली: मोठी नवी आवृत्ती आली की वर्ष व्हायच्या आतही नोंद पिवळी होईल. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, श्रीखंड खाऊन येतो. आले. सगळं पुन्हा करून पाहिलं. मेनू थोडे हललेत, मोर तसाच राहतो. तारीख बदलली.

४ मे २०२५, रविवार

बाहेर चटका असा की दुपारी चारपर्यंत रस्त्यावर माणूस नाही. काल पाणी आलं होतं म्हणून आज सकाळ मोकळी मिळाली.

रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४मध्ये मुक्त परवाना सोडला होता, म्हणून आम्ही ते न घेता त्याच्या जुन्या मुक्त कोडवरून निघालेलं वाल्की घेतलं. आता १ मेला रेडिस एजीपीएलसह (जीपीएलच्याच जातीचा परवाना) परत मुक्त झालं. नोंद करावी का? केली. सोबत परवान्याच्या रकान्यालाही तारीख लावली: "अमुक दिवशी पाहिला तेव्हा असा होता." परवानाही बदलतो, परतही येतो. तारखेशिवाय लिहिलेली कोणतीच गोष्ट आता मला सुरक्षित वाटत नाही.

८ जून २०२५, रविवार

वाईट दिवस. लिहून ठेवायला हवं म्हणून लिहितो.

शुक्रवारी रात्री एका उत्साही मुलाने एकदम १४० नोंदी पाठवल्या. तोवर आमच्या सगळ्या मिळून ७४ होत्या. आमच्या मुलीने आनंदाने त्या आत घेतल्या. शनिवारी सकाळी पहिल्या पानावर २१४ आकडा. मलाही क्षणभर बरं वाटलं.

मग वाचायला घेतल्या. भाषा गुळगुळीत, प्रत्येक नोंद सारख्याच लांबीची. "कुठे अडतं" खाली बहुतेक ठिकाणी "नवशिक्यांना सुरुवातीला थोडं अवघड वाटू शकतं". एका सॉफ्टवेअरला मराठी मेनू "पूर्ण" लिहिलेला. मी ते उतरवून उघडलं तर भाषांच्या यादीत मराठीच नाही. दुसऱ्याची "पाहिलेली आवृत्ती" जी लिहिली होती, ती कधी निघालीच नव्हती. मुलाला फोन केला. तो प्रामाणिकपणे म्हणाला, चालवून काहीच पाहिलं नाही, यंत्राकडून लिहून घेतलं, सूची लवकर मोठी व्हावी म्हणून.

मी सगळं पुसून टाकायला निघालो. मुलगी चिडली: "दादा, लोक मदत करतायत आणि तुम्ही हाकलताय. अशाने वर्षात शंभरसुद्धा होणार नाहीत." तिचंही खोटं नव्हतं. आवाज चढले. मी तिला नको ते बोललो, ते चुकलंच.

ताई संध्याकाळी आल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "दाखल झालेलं पुस्तक आणि कपाटात लागलेलं पुस्तक एकच असतं का?" त्यावरून रस्ता निघाला. १४० नोंदी पुसल्या नाहीत. "वाट पाहणाऱ्या" अशा वेगळ्या कप्प्यात ठेवल्या, तिथून फक्त नाव आणि अधिकृत पत्ता घ्यायचा. वर्णन कोरं. ज्याला जे जमेल ते त्याने उचलावं, चालवून पाहावं, स्वतःच्या शब्दांत लिहावं. पानावर पुन्हा ७४.

मुलीची माफी मागितली. त्या मुलालाही फोन केला आणि एकच काम दिलं: ऑडेसिटी उतरव, तुझ्या आजीचा आवाज मुद्रित कर, मागची घरघर काढून दाखव, मग लिही.

२२ जून २०२५

त्याची ऑडेसिटीची नोंद आली. आजीच्या ओव्या. "कुठे अडतं" खाली लिहिलंय: "घरघर जास्त काढली तर आजीचा श्वासही जातो आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. आधी दोन सेकंद नुसती शांतता मुद्रित करून ठेवा, तिच्यावरूनच घरघर ओळखता येते." हे यंत्राने कधी लिहिलं नसतं. आजी तिथे बसलेली होती म्हणून लिहिलं गेलं.

१३ जुलै २०२५, रविवार

गिट न येणाऱ्यांसाठी कागदी फॉर्म केला. एक पान, सहा प्रश्न. भरून फोटो पाठवायचा, आमच्यातला कुणीतरी टंकून आत घेईल, नाव भरणाऱ्याचंच राहील. पहिल्या आठवड्यात ११ आले. एक शिक्षक, एक होमिओपॅथी डॉक्टर, बाकी डीटीपीवाले.

ताईंनी कोहा या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरची नोंद केली. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या सार्वजनिक वाचनालयाचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल ओलांडू शकणार नव्हतं, म्हणून त्यांनी नवं करून घेतलं आणि ते सगळ्यांना दिलं. जानेवारी २००० मध्ये ते सुरू झालं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. एका वाचनालयाने आपली अडचण सोडवली आणि तिच्यातून जगभरच्या वाचनालयांचं काम झालं, हे ताई सगळ्यांना सांगत असतात. पण नोंदीत त्यांनी हात आखडला नाही: "सर्व्हर सांभाळणारा माणूस हवा. तो नसेल तर तालुक्याच्या छोट्या वाचनालयाने यात पडू नये, आधी एका संगणकावर सराव करावा."

टेसरॅक्ट हा चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम मराठी छापील मजकूर वाचतो का, तेही त्यांनी पाहिलं. अलीकडची पुस्तकं बरी वाचतो. जुन्या खिळ्यांच्या छपाईत जोडाक्षरं तुटतात. हाताने लिहिलेल्या दाखल नोंदवहीवर त्याचं काहीच चालत नाही.

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

एका शाळेचे बारा संगणक. त्यांतले चार इतके जुने की ३२ बिटांचे. विंडोज १० ला १४ ऑक्टोबरपासून सुधारणा मिळणं थांबणार, म्हणून शाळेने विचारलं. ९ तारखेला डेबियन या मुक्त कार्यप्रणालीची १३वी आवृत्ती आली. ६४ बिटांच्या आठ यंत्रांवर ती व्यवस्थित बसली, लिबरऑफिस (पत्रं, तक्ते वगैरे कामांचं सॉफ्टवेअर), मराठी कळफलक, सगळं. उरलेल्या चारांवर नाही, कारण या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या यंत्रांसाठी इन्स्टॉलरच नाही. तिथे १२ ठेवली. नोंदीत "कुठे अडतं" वाढवलं, आणि यंत्र ३२ बिटांचं की ६४, हे कसं ओळखायचं त्याच्या दोन ओळी. मुख्याध्यापिका बाईंनी लिबरऑफिसचा मराठी मेनू पाहून पहिलाच प्रश्न विचारला: हे शब्द कुणी ठरवले, आणि चुकीचे असतील तर सांगायचं कुणाला? त्यांना अनुवादाच्या पानाचा पत्ता दिला.

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

पहिली वार्षिक पडताळणी. ताईंनी ठरवलं तशी: कपाटवार. कार्यालय, चित्र, ध्वनी, शाळा, वाचनालय, हिशेब. चालू नोंदी १३१, त्यातल्या ३८ पिवळ्या झालेल्या किंवा होऊ घातलेल्या. सकाळी दहाला नऊजण आले. दोघं तर आमच्या ओळखीचेही नव्हते, कागदी फॉर्म भरून आलेले.

प्रत्येकाने चार-चार घेतल्या. उतरवा, चालवा, जे काम लिहिलंय ते करून पाहा, मग तारीख बदला. दुपारी शेंगाचटणी आणि कडक भाकरी, दुकानातच. दोन नोंदी पानावरून काढल्या: एका प्रकल्पाने स्वतःच काम थांबल्याचं जाहीर केलंय, दुसऱ्याचा पत्ता उघडत नाही. पुसल्या नाहीत, "बंद झालेल्या" कप्प्यात कारण लिहून ठेवल्या, म्हणजे पुन्हा कुणी त्यांच्या मागे दिवस घालवणार नाही.

चार वाजता टॉवेल कारखान्याचे ते काका आले. मुलाला घेऊन. मुलाने अण्णांची गिम्पची नोंद वाचली होती आणि वीण भरायचे पॅटर्न स्वतः केले होते, सहा. ते सगळ्यांना द्यायचे म्हणाला. अण्णांनी एकेक मोठा करून पाहिला. पाच ठीक. सहाव्यात त्यांनी बोट ठेवलं: "इथं धागा सलग नऊ घरं सुटतोय. धुतल्यावर निघंल हे." मुलाने तिथेच दुरुस्त केलं. परवाना कोणता, ते मुलीने त्याला समजावलं. त्याने सीसी-शून्य घेतला.

संध्याकाळी सातपर्यंत ३८पैकी २९ झाल्या. उरलेल्या ९ हिशेबाच्या कपाटातल्या, त्यांना जीएसटी समजणारा माणूस लागेल. ताईंच्या भाच्याला विचारलंय, तो गुरुवारी येतो म्हणाला.